आक्कांनी निवडलेला पाला

पारनेरला मुद्दाम फिरायला कुणी जात नाही. शिर्डीला निघालेली माणसं सुप्यावरून सरळ नगरकडे जातात आणि डावीकडे पारनेरचा फाटा लागतो हे त्यांच्या गावीही नसतं. घरी मी "पारनेरला चाललेय, सोमवारी परत येईन" म्हटल्यावर आमच्या यजमानांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "कुणाचं लग्न आहे?" लग्न कुणाचं नव्हतं. मी एका झुडपाला भेटायला चालले होते, आणि हे सांगितल्यावर त्यांनी डोकं वर काढलं.

माझं काम थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं समजेल. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत आम्ही मेंदूच्या कॅन्सरच्या पेशी वाढवतो. कधीकाळी कुणा रुग्णाच्या गाठीतून काढलेल्या आणि तेव्हापासून प्लास्टिकच्या भांड्यात ऊब आणि खाणं देऊन सांभाळलेल्या. त्यांचे लाड घरच्या पोरांपेक्षा जास्त. मग झाडपाल्याचे अर्क त्यांच्यावर घालायचे आणि त्या मरतात का ते बघायचं. शेवटी प्रत्येक छोट्या खळग्यात एक पिवळं द्रावण टाकतात. पेशी जिवंत असतील तर त्या त्याला जांभळं करतात, मेल्या असतील तर पिवळं ते पिवळंच राहतं. आमच्याकडे पिवळा रंग म्हणजे दिवाळी. बहुतेक वेळा मात्र सगळं जांभळंच निघतं आणि आम्ही डबा खाऊन पुढच्या झाडाकडे वळतो.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता पारनेरच्या वाळुंजसरांनी एक झुडूप वाळवून, दळून पाठवलं. सर तिथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात आणि रस्त्याने जाताना गुरांपेक्षा जास्त वेळा गवतात तोंड घालतात. त्या झुडपाच्या अर्कानं ओळीच्या ओळी पिवळ्या ठेवल्या. निरोगी पेशींना त्या मानाने कमी त्रास दिला, ही तर त्याहून मोठी गोष्ट. प्रयोगशाळेत झुडपाचं नाव 'पारनेरकरीण' पडलं. खरं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या कुणीतरी मिक्सर काढेल, आणि तसं का वाटतं ते पुढे येईलच.

यंदा सरांनी दुसरी खेप पाठवली. सगळं जांभळं. पुन्हा केलं, पुन्हा जांभळं. पारनेरकरीण रुसली, असं सगळे हसून म्हणाले आणि मग गंभीर होऊन म्हणाले की ही सोडून देऊ. मला पटेना. पहिल्यांदा जे दिसलं ते खोटं होतं, की दुसऱ्यांदा काही चुकलं? हट्टीपणात माझा हात धरणारं कुणी नाही. डिसेंबरात एका शुक्रवारी पहाटे मी गाडी काढली.

पारनेर, शुक्रवार

माझं माहेर कोकणातलं, त्यामुळे हिरवं नसलं की मला उगाच चुकल्यासारखं वाटतं. सुप्यापासून आत वळल्यावर दोन्हीकडे मुरमाड माळ, मधूनच ज्वारीचा तुकडा, बांधावर बाभळी आणि या सगळ्यावर एवढं मोठं आभाळ. पहिला अर्धा तास मला ते ओसाड वाटलं. मग फाट्यावर माझ्या गाडीत येऊन बसलेल्या वाळुंजसरांनी गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरून एका दगडाशेजारी बसायला सांगितलं. बसल्यावर दिसलं की त्या दगडाच्या सावलीत निदान दहा तऱ्हेची गवतं आणि रोपं आहेत, अंग चोरून बसलेली. "उभ्यानं बघितलं तर आमच्याकडं काहीच दिसत नाही मॅडम," सर म्हणाले, "इथं बसावंच लागतं."

पारनेरकरीण तिथेच होती. वीतभर उंचीची, राखाडी पानांची, आता वाळायला लागलेली. फोटोत होती त्याहून अगदीच साधी. मी तिला हात लावला आणि माझी मलाच लाज वाटली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं.

दुपारचं जेवण सरांच्या शेजारी मिलिंदकडे होतं. सरांचं गाव पारनेरच्या थोडं आत आहे. मिलिंद चाळिशीचा, विहिरीवरच्या मोटारी भरून देतो. म्हणजे जळालेल्या तारा काढून नव्या गुंडाळतो. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. बाकावर तांब्याच्या तारेची रिळं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तिच्याखाली ओळीने उभ्या केलेल्या मोटारी. दारात गेल्याबरोबर "जयभीम मॅडम, या" म्हणून त्याने खुर्ची पुढे केली. डोक्यावर लोकरी टोपी होती. थंडी होती म्हणून मला काही वाटलं नाही.

जेवायला हुलग्याची शेंगोळी होती. आमच्याकडे हुलग्याला कुळीथ म्हणतात आणि त्याची पिठी करून भातावर घेतात. मला वाटत होतं की कुळथाचं सगळं मला ठाऊक आहे. इथे त्याच पिठाच्या लसूण-मिरची घातलेल्या कडबोळ्या करून रश्शात शिजवतात, आणि वर बाजरीची भाकरी. मी तिसऱ्यांदा घेतलं. मिलिंदची आई, जिला सगळं गाव आक्का म्हणतं, माझ्या ताटाकडे बघून खूश झाल्या. "डाक्टरीनबाई असून जेवत्यात चांगल्या," त्या सरांना म्हणाल्या. मी औषध देणारी डॉक्टर नाही, हे मी सांगितलं. ते कुणी मनावर घेतलं नाही.

जेवण झाल्यावर मिलिंदच्या बायकोनं, सुनीतानं, स्टीलच्या पेल्यात काहीतरी हिरवट काळं आणून दिलं. मिलिंद डोळे मिटून ते एका दमात प्यायला.

"काय घेता हे?" मी सहज विचारलं.

"तुमचंच औषध की," आक्का म्हणाल्या. "माळावरचं. दिसातनं तीनदा उकळून देती मी त्येला."

मी सरांकडे बघितलं. सर शेंगोळीच्या रिकाम्या वाटीत काहीतरी शोधत होते.

मग एकेक बाहेर आलं. दिवाळीच्या आधी मिलिंदला दुकानातच फिटचा झटका आला. पुण्यात मेंदूतली गाठ काढली. टोपी त्यासाठी होती. गाठ कॅन्सरची निघाली, आणि आता डोक्याला शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा आणि गोळ्या सुरू करायच्या असं डॉक्टरांनी सांगितलं. इकडे सरांनी आमच्या पिवळ्या खळग्यांचा फोटो मोबाईलवर गावभर दाखवलेला होता. आपल्या माळावरच्या झाडानं मेंदूचा कॅन्सर मारला, अशी बातमी गावात होती. शेकाची तारीख आली तेव्हा मिलिंद गेला नाही. दवाखान्यातून पुन्हा फोन आला होता आणि येत्या सोमवारी बोलावलं होतं. आणि मिलिंद सोमवारीही जाणार नव्हता.

मला आधी राग आला, मग भीती वाटली. ज्या गाठीच्या पेशी मी रोज भांड्यात वाढवते, त्या किती भराभर वाढतात हे मला माहीत आहे. मी म्हटलं, "हा काढा बंद करा आणि सोमवारी जा."

"मॅडम, रागावू नका," मिलिंद शांतपणे म्हणाला. "पन ह्याच्यात काय न्हाई म्हनता, तर तुमी पुन्याहून इथवर कशाला आला?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते फार लांबलचक होतं. मी सांगायला लागले. भांड्यातल्या पेशी वेगळ्या, डोक्यातल्या वेगळ्या. भांड्यातल्या पेशी मिठाच्या पाण्यानंही मरतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना निसर्गानं राखण बसवली आहे, ती रक्तातलं भलतंसलतं आत सोडत नाही, पोटात घेतलेला काढा तिथवर पोचेल याची खात्री नाही. भांड्यानंतर उंदीर, मग माणसं, मध्ये कित्येक वर्षं, आणि बहुतेक झाडं वाटेतच गळतात. मिलिंद गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यावं तसं सगळं ऐकत होता.

"बरं," तो म्हणाला. मग त्याने बाकावरची एक काळी पडलेली मोटार माझ्यापुढे केली. "वास घ्या. जळाल्याला असा वास येतो. ही मी काढून दुसरी भरीन. डोक्याचं कुठं भरून मिळतंय? आमच्या चुलत्याला शेक दिला हुता, घशाला. त्यो नंतर दोन घास खाऊ शकला न्हाई. मी न्हाई जानार."

सुनीता पेला घेऊन आत गेली. संध्याकाळी सरांच्या घरी मला पोहे दिले, ते मी चिवडत बसले.

नेवासा, शनिवार

दुसऱ्या दिवशी आम्ही नेवाशाला निघालो. पारनेरकरीण नेवाशाकडेही सापडते असं सरांचं म्हणणं होतं. जागा बदलली की झाडाचा गुण बदलतो का, हे मला बघायचं होतं. खरं तर मिलिंदच्या घरापासून थोडं लांब जाऊन विचारही करायचा होता.

नगर सोडल्यावर देखावा बदलत गेला. माळ संपला आणि ऊस सुरू झाला. कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर, एकामागे दोन-दोन ट्रॉल्या, रस्ताभर सांडलेली उसाच्या शेंड्यांची वाढी आणि सगळ्या ट्रॅक्टरांवर मोठ्यांदा लावलेली गाणी. एका ट्रॉलीच्या मागे आम्ही इतका वेळ अडकलो की सगळी गाणी मला पाठ झाली. एकाच जिल्ह्यात काल लोक हंडाभर पाण्याचा हिशेब करत होते आणि आज पाटाला पाणी खळाळत होतं. मी तसं म्हटल्यावर सर म्हणाले, "आमच्या जिल्ह्यात तुम्हाला सगळं मिळेल. फक्त समुद्र नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो फोटो मी दाखवायला नको होता."

"आनंद झाला की माणूस दाखवतोच," मी म्हटलं.

काळ्या रानात आमची पारनेरकरीण असायचं कारणच नव्हतं. सरांनी पाटाच्या कडेचा एक मुरमाचा उंचवटा शोधून काढला. तिथे थोडी झुडपं होती. मी जागेची नोंद मोबाईलवर घेत होते, सर फूटपट्टी टाकून उंची मोजत होते, इतक्यात उसातून एक फेटेवाले गृहस्थ तरातरा आले. मागे त्यांची दोन कुत्री.

"कुठून चाललाय रस्ता?" त्यांनी विचारलं.

"कसला रस्ता?"

"आता लपवू नका. मोबाईलवर खुना करताय, पट्टी टाकताय. मागं बी असंच दोघं आले हुते, आन मग म्होरल्या सालाला शेजारच्याच्या रानातून मोठा रोड गेला. कुठून चाललाय, सरळ सांगा!"

झाडाचं काम आहे हे त्यांना पटवायला आम्हाला घाम फुटला. शेवटी सरांनी एक फांदी तोडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, वास घेतला आणि म्हणाले, "ह्ये? ह्याला तर शेळी बी तोंड लावत न्हाई." पण मेंदूच्या कॅन्सरवर तपासतोय म्हटल्यावर कुत्र्यांना हाकलून त्यांनी आम्हाला गुऱ्हाळाकडे नेलं आणि ताज्या रसाचे तांबे पुढे ठेवले. जाताना बांधापर्यंत सोडायला आले. "निघालं काही तर बरं हुईल," ते म्हणाले. "माझी भाची गेली त्या दुखण्यात. नववीत हुती." मग उसाकडे बघत म्हणाले, "पाहिजे तेवढं घिऊन जा. रान तुमचंच हाय."

उंचवट्यावरची थोडी झुडपं मुळासकट उपटून पोत्यात भरली आणि उन्हं उतरताना आम्ही प्रवरेच्या काठी बसलो. नेवाशाला खांबाचं देऊळ आहे. लांबून लांबून आलेली माणसं त्या खांबाला हात लावतात, थोडा वेळ पाठ टेकून बसतात आणि हलकी होऊन निघून जातात. मी फारशी देवभोळी नाही. पण मीही हात जोडले आणि ते झुडपासाठी नव्हते. सोमवारी मिलिंदने गाडीत बसावं एवढंच मागितलं. प्रयोगशाळेतल्या मंडळींना हे कळलं तर ते माझी चेष्टा करतील. करू देत.

पुन्हा पारनेर, रविवार

रविवारी सकाळी आक्का आम्हाला स्वतः माळावर घेऊन गेल्या. सोबत त्यांच्या शेळ्या. जिथून दुसरी खेप गोळा झाली होती नेमकी तीच जागा मला बघायची होती. दुसऱ्या खेपेच्या वेळी सरांना परीक्षेचं काम होतं आणि त्यांनी ते आक्कांवर सोपवलं होतं, हे मला इथे कळलं. जागा तीच होती. माती तीच, झुडूपही तेच. झाडच चुकलं असेल ही माझी शेवटची शंकाही फिटली आणि कोडं होतं तसंच राहिलं. आम्ही थोडी झुडपं मुळासकट उपटली, बी धरलेली तशीच ठेवली, आणि पोती आक्कांच्या ओट्यावर आणून टाकली. मी आणि सर हातपाय धुऊन, चहा पिऊन आलो. ओट्यावर येतो तर आक्का सूप घेऊन पोत्याजवळ बसलेल्या. मांडीवर झुडूप घेऊन भराभर पानं खुडत होत्या. मेथी निवडावी तशी. पानं सुपात, आणि मुळं-काड्या बाजूला.

"आक्का, हे काय चाललंय?"

"निवडती की," त्या मान वर न करता म्हणाल्या. "माती हाय, काड्या हायती, मुळं हायती. असंच नेनार व्हय पुन्याला? पावन्याला कुनी माती बांधून देतं का?"

आमच्याकडे शेजारी अळू देतात ते गड्ड्याच्या चिखलासकट देतात आणि घेणारीने ते मुकाट धुऊन घ्यायचं असतं. इथे पाहुण्याच्या हाती न निवडलेली भाजी देणं म्हणजे घरातल्या बाईची नाचक्की. मला एकदम काहीतरी सुचलं आणि मी ओट्याच्या पायरीवर बसले.

"मागच्या खेपेलाही असंच निवडलं होतं?"

"मागल्या बारीला तर दोन पान्यांनी धुतलं! निस्ती पानं ठिवली, कवळी कवळी. वाळवून, हातानं चुरून सरांच्या घरी धाडली. पोराचं औषध हुनार, म्हनून एकबी मूळ ऱ्हाऊ दिलं न्हाई मी त्यात. काढ्यालाबी निस्ती पानंच घेती."

सरांनी कपाळाला हात लावला. पहिली खेप त्यांनी स्वतः घाईघाईत उपटून, मुळं, काड्या, सगळ्यासकट दळली होती. दुसरी त्यांच्याकडे आली तेव्हा चुरा होता. त्यांनी ती झुडपाची म्हणून दळून पाठवली आणि त्यात मुळं नाहीत हे कुणालाच कळायचं कारण नव्हतं.

आता हे आक्कांना सांगायचं कसं? त्या बाईनं मुलासाठी म्हणून जीव ओतून जे साफ केलं, त्यातच बहुधा आमच्या कामाचं निघून गेलं होतं. पण खोटं बोलणं मला जमत नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सांगितलं की पहिल्या वेळी मुळं होती तेव्हा पेशी मेल्या, दुसऱ्या वेळी नुसती पानं होती, तेव्हा एकही मेली नाही. गुण कदाचित मुळात असेल. कदाचित काडीत. अजून मलाही माहीत नाही.

आक्कांचे हात थांबले. "म्हंजे मी टाकलं त्येच खरं हुतं?" त्यांनी बाजूच्या मुळांकडे बघितलं. "माज्याच हातानं मी उकिरड्यावर टाकलं?"

"नाही आक्का," मी म्हटलं, आणि हे मी त्यांची समजूत काढायला म्हणत नव्हते. "पानं वेगळी आणि मुळं वेगळी तपासायचं आम्हाला कधी सुचलं असतं कोण जाणे. आम्ही तर हे झुडूप सोडूनच देणार होतो. पानांत काही नाही, हे तुमच्या निवडण्यामुळे कळलं. आमच्या लॅबचं एक मोठं काम तुम्ही ओट्यावर बसून करून टाकलंत."

आक्का एकदम उठल्या आणि बाजूला पडलेली मुळं पदरात गोळा करायला लागल्या. "मग आता मुळांचाच करती काढा. सुनीता, चूल पेटीव गं!"

मी ओरडणारच होते. मुळांत नक्की काय आहे, ते माणसाच्या पोटात गेलं तर लिव्हरचं काय होईल, कशाचाच पत्ता नाही. पण त्याआधी दुकानाच्या दारातून मिलिंदचा आवाज आला. तो किती वेळ तिथे उभा होता कोण जाणे.

"आई, ठिव ते."

"आरं, मुळात हाय म्हनत्यात बाई."

"त्यांना बी अजून म्हाईत न्हाई म्हनत्यात." तो खाली येऊन तिच्यासमोर बसला. "मी मोटार भरली की तपासल्याबिगर हिरीत सोडतो का? कितीबी घाईचं गिऱ्हाईक असू दे. सोडतो का? यांची तपासनी चाललीय अजून. दे ते त्यांना."

त्याने तिच्या पदरातली मुळं काढून माझ्या पोत्यात टाकली. मग माझ्याकडे वळला. "म्हंजे मी इतके दिवस जे प्यालो, त्यानं तुमच्या भांड्यातली एकबी पेशी मेली न्हाई?"

"एकही नाही."

तो हसायला लागला. मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघत होते. "आनि काय कडू हुतं हो ते!" तो म्हणाला. मग हसू ओसरलं. हातातली माती झाडत त्याने विचारलं, "सोमवारी शेक देत्यात, त्ये तपासल्यालं हाय?"

"ते तपासलेलं आहे," मी म्हटलं. "त्रास होतो. थकवा येईल, केस जातील. पूर्ण बरं व्हायची हमी कुणी देणार नाही, मीही देत नाही. पण कुठे द्यायचा, किती द्यायचा, हे मोजून देतात. चुलत्यांना घशाला होता म्हणून घास उतरेना. तुमचं दुखणं वेगळ्या जागी आहे. भीती वाटते ती सगळी डॉक्टरांना विचारा. हवं तर मी बरोबर येते."

मिलिंदने सुनीताकडे बघितलं. तीन दिवसांत ती माझ्याशी 'वाढू का' याच्यापलीकडे बोलली नव्हती.

"पिशवी भरल्याली हाय," ती म्हणाली. "मागल्या तारखेपासनं तशीच हाय. मी सोडलीच न्हाई."

आक्कांनी पदर झटकला आणि नाक पुसत आत गेल्या. थोड्या वेळाने बाजरीच्या भाकऱ्या थापल्याचा आवाज यायला लागला. वाटेत खायला.

सोमवार

सकाळी धुकं होतं. आमची गाडी फाट्यावरून पुण्याकडे वळली तेव्हा मागच्या सीटवर सुनीता, तिच्या मांडीवर ती पिशवी, भाकऱ्यांचं गाठोडं, आणि डिकीत माझी पोती. मिलिंद पुढे बसला होता. माझ्या गाडीच्या इंजिनाचा आवाज बरोबर नाही, असं त्याने शिरूर येईपर्यंत मला तीनदा सांगितलं.

"मुळांचं काय निघालं ते मला सांगाल ना?" त्याने विचारलं.

"सांगेन की. पण नुसतं भांड्यातलं सांगेन. औषध व्हायचं झालं तरी त्याला वर्षं लागतील. होईलच असंही नाही."

"लागू द्या," तो म्हणाला. "काय निघालं ते ऐकायचंय मला."

दवाखान्याच्या दारात मी त्यांच्याबरोबर उतरले. त्याने डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की डॉक्टरांनी शेवटी मशीन कसं चालतं त्याचं चित्र काढून दाखवलं. बाहेर आल्यावर तो सुनीताला म्हणाला, "मानसं शिस्तीची हायती."

हे सगळं लिहायला उशीर झाला, कारण मी मुळांची वाट बघत होते. सावलीत वाळवून, दळून, पानं, काड्या आणि मुळं, तिन्हींचे अर्क वेगवेगळे केले. पानं जांभळी. काड्या जांभळ्या. मुळांची ओळ मी खिडकीशी नेऊन बघितली, मग दिव्याखाली बघितली, मग सगळ्यांना बोलावून दाखवली. पिवळी होती. नेवाशाच्या मुळांचीही. एकदा आलं म्हणजे आलं असं आमच्यात नसतं, म्हणून पुन्हा केलं आणि पुन्हा पिवळी. यापुढे मुळात नेमकं काय आहे ते वेगळं करायचं, निरोगी पेशींना त्याचा किती त्रास होतो ते बघायचं, मेंदूभोवतीच्या राखणीतून ते आत जातं का ते बघायचं. खूप लांबचा पल्ला आहे. पण वाट आहे, एवढं आता कळलं.

हातातले मोजे काढले आणि सगळ्यांच्या आधी मिलिंदला फोन लावला. सुनीतानं उचलला.

"मॅडम, ते आत गेल्यात," ती म्हणाली. "शेकाला. मोबाईल माझ्याकडं असतो तवा. अर्ध्या तासानं करता का?"

करते, मी म्हटलं. एवढी मोठी बातमी तोंडात धरून मी लॅबच्या जिन्यात बसून राहिले. समोरच्या माणसानं फोन घेतला नाही याचा इतका आनंद मला आजवर कधी झाला नव्हता.